पोथीच्या बासनातलं पुस्तक

आमच्या भूमिगत चळवळीच्या पत्रकांत 'निर्भय' हा शब्द दर चार ओळींनी यायचा. त्यातली बरीच पत्रकं मीच लिहून काढलेली. निर्भय व्हा, निर्भयपणे उठा, निर्भयपणे जाब विचारा. हे लिहिताना मी तळहाताचा घाम पदराला पुसत असे आणि बाहेर कुत्रं भुंकलं की कागद चुलीजवळ सरकवत असे. हल्ली सभांमधून बोलणारा प्रत्येक माणूस बेचाळीसच्या त्या दिवसांत वाघ होता असं ऐकू येतं. मी नव्हते. मी भीत होते, उजाडल्यापासून निजेपर्यंत भीत होते. आणि कशासाठी, तर एका पुस्तकासाठी. बंदूक नाही, बॉम्ब नाही. चिकटवलेल्या पानांचं, पुठ्ठा फाटलेलं एक पुस्तक.

कुठल्याशा परमुलखातल्या शेतकऱ्यांनी सावकाराविरुद्ध आणि राजाविरुद्ध उठाव केला, त्याची ती हकीकत होती. सरकारनं ते जप्त केलेलं. सांगली हे संस्थान होतं, तिथं धरपकड आमच्याइतकी नव्हती, म्हणून तिथून ते आलं. आमच्या साताऱ्याच्या मुलखात, म्हणजे थेट इंग्रजाच्या राज्यात, ते घरात सापडलं तर तुरुंग. वाचणाऱ्याला तुरुंग! चोरी केली नाही, कुणाला मारलं नाही, नुसतं वाचलं. याचा मला आजही संताप येतो. आणि ज्यांना पुस्तकं वाचायला मोकळीक होती ते तरी काय करत होते? तालुक्याच्या गावी वाचनालय होतं. मी व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवी, पास झालेली मुलगी तिथं गेले, तर टेबलामागचे गृहस्थ म्हणाले, "घरातल्या कुणा पुरुषाला पाठव." माझ्या घरात पुरुष नव्हता. आई आणि मी. मग मी परत गेलेच नाही.

तर ते पुस्तक. आमच्या भागात त्याची एकच प्रत. वाचून झालं की पुढच्याला द्यायचं, आणि देताना त्यात काय आहे, का वाचावं, ते तोंडानं सांगायचं, अशी रीत. वरच्या पुढाऱ्यांकडून सांगणं आलेलं, "नुसतं वाटत सुटू नका, वाचायला लावा." ठेवायचं कुठं हा प्रश्न होता. माझ्या घराची झडती झालेली. पोलिसांनी पिठाचं मडकंसुद्धा उपडं केलं होतं. मग आमच्या शेजारच्या वहिनीनं वाट काढली. तिचा नवरा पलटणीत नाईक होता. भिंतीवर त्याचा वर्दीतला फोटो. त्या फोटोकडं बघून पोलीस उंबऱ्यावरूनच मागं फिरत. फौजीच्या घराची झडती कोण घेणार?

"आमच्या देव्हाऱ्यात ठेवू," वहिनी म्हणाली. "पोथीवानी बांधून."

पोथीला गुंडाळायचं जे तांबडं कापड असतं, त्याला बासन म्हणतात. त्यांच्या घरी जुनी पोथी होती, तिला वाळवी लागून ती नदीत सोडून दिलेली. बासन तेवढं राहिलं होतं. आम्ही वरून खालून लाकडी पट्ट्या लावून पुस्तक त्यात बांधलं. हुबेहूब पोथी. म्हाताऱ्यांना काही सांगायचं नाही असं ठरलं. वहिनीच्या सासूला, तिला आम्ही सगळे आत्या म्हणायचो, वाटलं सुनेनं माहेराहून नवी पोथी आणली. आत्या रोज सकाळी त्यावर हळदकुंकू वाहू लागली. मला पहिल्या दिवशी हसू आलं. दुसऱ्या दिवसापासून आलं नाही. आत्या भाबडी नव्हती, पण तिचं मन त्या तांबड्या कापडावर बसलं, हे मला दिसत होतं.

पेरणीच्या आधी बियाण्याच्या शेंगा हातानं फोडायला बायका जमतात. वहिनीच्या परड्यात, घरामागच्या मोकळ्या जागेत, दुपारी पाच-सहा जणी बसत. आत्या त्या वेळेला पडून असायची. मी पुढ्यात शेंगांचा ढीग घेऊन बसत असे आणि ढिगाआड पुस्तक. कुणाची चाहूल लागली की पुस्तकावर शेंगा ओढायच्या. अशी मी त्यांना ती सगळी हकीकत वाचून दाखवत होते. त्यात एक बाई होती, तिचा मुलगा उठाव करणाऱ्यांबरोबर जातो आणि ती रोज गावाच्या शिवेवर जाऊन उभी राहते. त्या पानांवर आलं की शेंगा फुटायच्या थांबत.

"त्या सावकाराचा मुडदा बशिवला का न्हाई अजून?" एक जण विचारायची.

"गप गं. तू म्हाताऱ्या बाईचं वाच," दुसरी म्हणायची. "आज आलं का लेकरू?"

"न्हाई अजून."

"मग उद्या जरा लवकर बसू."

कुणी विचारलं की बायकांना वाचनाची गोडी का नाही, तर मला त्याच्या अंगावर शेंगांची टरफलं टाकावीशी वाटतात.

त्याच उन्हाळ्यात वहिनीचा नवरा रजेवर आला. आणि माझी झोप गेली. तो सरकारचा माणूस. पगार सरकारचा, बाहीवर फीत सरकारची. मी वहिनीला म्हटलं, पुस्तक आजच्या आज दुसरीकडं हलवू. ती भाकरी थापत राहिली. दोन दिवसांनी परड्यात गेले, तर तो खाटेवर बसलेला आणि मांडीवर उघडं पुस्तक. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत वाचत होता. पलटणीत अक्षरं शिकला होता तो.

"हे तुजं?" त्यानं विचारलं.

मी दाराकडं बघितलं.

"आगं, इचारतोय मी."

वहिनी आतून म्हणाली, "तिचंच. म्या सांगितलं ह्यांस्नी, वाचून तर बगा म्हनून. पत्त्याचा डाव मांडून बसत्यात दिसभर, त्यापरास बरं."

वहिनी एवढी धीट कशी, मला कळेना. बायको नवऱ्याला पुस्तक वाचायला सांगते, आणि तेही जप्त झालेलं! आमच्या एकाही कार्यकर्त्याची अशी छाती झाली नसती.

तो माझ्याकडं बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "त्यो म्हातारीचा पोरगा फुडं धरला जातो का?"

"शेवटी कळतं, दादा."

"सांगू नगंस मग. वाचतोय मी." आणि बोट पुन्हा ओळीवर गेलं.

भरवसा ठेवायचा की नाही ते मला ठरवता येईना. त्याची रजा संपेपर्यंत रोज सकाळी मी दाराच्या फटीतून बघत असे, पोलीस येतात का. आले नाहीत.

तो निघायचा त्या दिवशी पुस्तक पुढं जायचं होतं. माण तालुक्याकडचा एक मेंढरं राखणारा गडी ते न्यायला येणार होता. सकाळी मी वहिनीकडं गेले. बैलगाडी उजाडताच गेलेली. तो, वहिनी आणि आत्या, तिघं कराडच्या स्टेशनाकडं. ओट्यावर वहिनीचे सासरे दोर वळत बसलेले. त्यांना सगळं गाव आबा म्हणायचं. पहिल्या लढाईतले पेन्शनर.

मी देव्हाऱ्याशी गेले. देव होते. बासन नव्हतं.

"आबा, पोथी कुटं हाय?"

"पोथी? ती दिली की लेकरासंगं." आबांनी दोर पायाच्या अंगठ्याला अडकवला. "ट्रंकंत, अगदी वर. मी बसऱ्याला गेलतो तवा माज्याबी ट्रंकंत आईनं अशीच घातलीती. लढाईवर जानाऱ्याला द्यायचीच असती. परत येस्तवर बासन सोडायचं न्हाई. आलो का न्हाई मी?"

मी पदर खोचला आणि ओट्यावरून खाली उतरले.

"आनि तुला आज कशाला पायजे पोथी? पोथी वाचायला आज काय बेस्तरवार हाय व्हय?"

रस्त्यानं गाडी पुलावरून वळसा घालून जाते. उन्हाळ्यात नदीच्या उताराला गुडघाभरच पाणी. मी उतारातून पलीकडं गेले आणि उसातल्या पाटाच्या कडेनं पळत सुटले. ओलं लुगडं पायांत येत होतं. डोक्यात एकच चित्र: छावणीत गोरा साहेब ट्रंक उघडतोय. फौजी माणसाजवळ जप्त पुस्तक म्हणजे नुसता तुरुंग नव्हे, ती फितुरी. त्याला गोळी घालतील असंच मला त्या वेळी वाटत होतं. फौजेचा कायदा मला कुठं ठाऊक? ठाऊक नव्हता म्हणून भीती जास्तच होती. आणि पुढं ते विचारणार, पुस्तक आलं कुठून? घरातून. घरात कुणी ठेवलं? वहिनीनं. तिला कुणी दिलं?

त्या दिवसांत तारा तोडण्याचे प्रकार चाललेले, त्यामुळं स्टेशनच्या फाटकाशी पोलीस होते. प्रत्येकाचं गाठोडं उघडून बघत होते. मी धापा टाकत पोचले, तेव्हा ट्रंक जमिनीवर होती आणि झाकण उघडं होतं. वर तांबडं बासन, त्यावर कुंकवाची बोटं आणि एक झेंडूचं फूल.

ते आपल्या ट्रंकेत आहे हे वहिनीच्या नवऱ्याला तिथंच पहिल्यांदा कळलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला. वहिनीनं बैलगाडीचं चाक धरलं.

"ह्ये काय?" पोलिसानं काठी टेकवत विचारलं.

"पोथी हाय," आत्या कडाडली. "ती काठी मागं घे आदी. पायतान घालून पोथीला शिवाय निगाला, कुनाचा रं तू?"

"नुसतं इचारलं, मावशे."

"मग डोळ्यांनी इचार."

त्यानं काठी मागं घेतली, हात कपाळाला लावला आणि झाकण पाडलं. सुटलो असं क्षणभर वाटलं. पण सुटलो नव्हतो. पुस्तक ट्रंकेतच होतं आणि गाडी यायची वेळ झाली होती.

फलाटावर आत्या ट्रंकेवरच बसली. आम्ही तिघं चार पावलं बाजूला.

"पलटनीच्या डेपूत सायेब समदं झाडून बगतो," तो दातांतल्या दातांत म्हणाला. "जाता जाता नदीत टाकून देतो."

"टाकू नगा," वहिनी म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडलेले. "बायकांचं आईकायचं ऱ्हायलंय."

"आगं, बायकांचं काय घिऊन बसलीस! माज्या मानंवर आलंय."

मला दोघांचंही पटत होतं. एकच प्रत होती, पण त्याची मानही एकच होती. मी म्हणाले, "टाका, दादा."

"टाकू कुटं पर? डब्यात समदी आपलीच पलटन. बासन भायेर काडलं की धाजण हात जोडून बसतील, वाच म्हनतील. न्हाई वाचलं तर एकादा वडून घील." त्यानं घाम पुसला. "हितंच काडाय पायजे."

तो आत्यापुढं जाऊन उकिडवा बसला. "आये, पोथी घरीच ऱ्हाऊ दे. वलीबिली झाली म्हंजी?"

आत्या त्याच्याकडं बघतच राहिली. "ट्रंकंत घातल्याली पोथी मागं काडू? येडा का खुळा तू? तिकडं मढी पडत्यात, मढी. त्या धनगरवाड्याच्या पोराची काडली हुती त्याच्या बापानं. आला का त्यो?"

ती ट्रंक दोन्ही हातांनी धरून बसली. मी पत्रकांत अंधश्रद्धेवर सणसणीत लिहिलेलं होतं. त्यातलं एक वाक्य त्या वेळी तोंडाशी येईना. खरं सांगते, मलाच वाटलं, काढली आणि हा परत आला नाही तर?

लांबून इंजिनाची शिट्टी झाली. फाटकाजवळचा पोलीस फिरत फिरत आमच्या बाजूला येऊ लागला. तेव्हा वहिनी सासूच्या शेजारी बसली, तिच्या कानाला लागली आणि बोलली. एवढंच मला ऐकू आलं:

"आत्या, ती पोथी न्हवं. पुस्तक हाय. सरकारनं धरल्यालं. घावलं तर ह्यांस्नी न्हेत्याल."

आत्या हलली नाही. एकदा सुनेकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. एवढ्या रागानं आईनंसुद्धा माझ्याकडं कधी बघितलेलं नाही. पोलिसाच्या बुटांचे नाल फरशीवर वाजत होते. ती ट्रंकेवरून उठली, झाकण उघडलं आणि आमच्याकडं पाठ करून, पदराच्या आड, त्या घट्ट गाठी दातांनी सोडल्या. पट्ट्या लेकाच्या घोंगडीखाली खुपसल्या. तांबडं कापड झटकलंसुद्धा नाही. कुंकवासकट घडी घातली, त्यात फूल ठेवलं आणि ट्रंकेत परत वर ठेवलं.

"म्या कापडाची पूजा केली," ती म्हणाली. "कापड जाईल. काडलं न्हाई म्या काय." मग माझ्या हातात पुस्तक कोंबलं. "तुजं त्ये तू घे."

भर फलाटावर माझ्या हातात उघडं पुस्तक! ना बासन, ना शेंगांचा ढीग. गाडी धडधडत आत आली आणि सगळी माणसं डब्यांकडं वळली म्हणून निभावलं. परतीच्या भाकऱ्यांचं फडकं वहिनीनं पुढं केलं. दोन भाकऱ्यांच्या मधे पुस्तक, वर गाठ. नवरा खिडकीतून हात हलवत होता आणि ती पाठमोरी होऊन गाठ मारत होती. गाठ पक्की बसल्यावर तिनं मान वळवली, तेव्हा त्याचा डबा पुढं गेलेला होता. हे मी विसरलेले नाही.

बाहेर पडताना फाटकाशी तोच पोलीस.

"फडक्यात काय गं?"

"भाकरी."

"बगू. सकाळधरनं पोटात काय न्हाई. द्या की एकादी."

मी गाठ मुठीत धरली. वरची भाकरी काढली की खाली पुस्तकच. तेवढ्यात आत्या खाली बसली. फाटकाच्या मधोमध, फतकल घालून, आणि रडायला लागली. मोठ्यानं, गळा काढून, लेकाचं नाव घेऊन. मला आधी वाटलं सोंग आहे. पण तिच्या तोंडाकडं बघितलं आणि कळलं. कापडाच्या घडीनं तिचं काहीच समाधान झालेलं नव्हतं.

"न्ह्या, न्ह्या त्यांस्नी," पोलीस कावराबावरा होऊन म्हणाला. "ऱ्हाऊ दे भाकरी."

आमची बैलगाडी परत फिरली. उसातून वारा येत होता तरी मला घाम सुटलेला. पूल ओलांडल्यावर आत्या म्हणाली, "वाच."

"आत्या, मी..."

"ज्याच्यावर एवडं दिस कुक्कू वायलं, त्यात काय हाय त्ये कळू तर दे. वाच म्हनते न्हवं?"

मी बैलांच्या घुंगरांच्या आवाजात, आजूबाजूला बघत वाचत होते. शिवेवर उभ्या राहणाऱ्या बाईचं आलं, तसं तिनं मला तेच पुन्हा वाचायला लावलं. मग विचारलं, "येतो का तिचा पोरगा?"

मी तोवर कुणालाही तोंडावर खरं सांगायला कचरलेली नव्हते. मामलेदाराला सांगितलेलं, सावकाराला त्याच्या ओट्यावर जाऊन सांगितलेलं. पुस्तकात तो मुलगा येत नाही. शेवटच्या पानावर ती म्हातारी शिवेवर आहे आणि बाकी कुणी नाही.

"अजून तिथवर आलो न्हाई, आत्या," मी म्हणाले.

पुस्तक संध्याकाळी माणच्या गड्याबरोबर मेंढरांमागं गेलं. तिथून पुढं कुठं कुठं गेलं, कळलं नाही. आमच्याकडं परत आलं नाही. शेंगा फोडणाऱ्या बायका मात्र मला सोडीनात. पुढचं सांग, पुढचं सांग. मी चार दिवस टाळाटाळ केली. एके दुपारी परड्याशी गेले, तर आत्या सांगत होती, अगदी ठासून, हात नाचवत. सावकार, राजा, शिव, सगळं. आणि शेवटी म्हणाली, "येका दिशी लांबनं फुफाटा दिसला. म्हातारी बगती तर काय, ल्योक!"

बायकांनी सुस्कारा टाकला. आत्यानं माझ्याकडं बघितलं. मी खाली बसले आणि शेंगा फोडायला घेतल्या.

तीच हकीकत आत्यानं पुढं माहेरी सांगितली, कराडच्या बाजाराला जाताना गाडीत सांगितली, दळणाला आलेल्यांना सांगितली. "तुमी ती हकीकत आईकलीया का?" असं सुरू करायची. आमच्या पत्रकांनी जितकी घरं गाठली नसतील तितकी तिनं गाठली. मी मात्र तो शेवट आला की काहीतरी निमित्त काढून उठून जात असे. लढाई चालूच होती. टपालवाला आमच्या आळीत वळला की मी हातातलं काम टाकून दाराआड उभी राहायची आणि तो वहिनीच्या दारात थांबतो की पुढं जातो ते बघायची. पोलिसांची भीती पुढं सरली. ही सरली नाही.

लढाई संपली. त्यानंतरही बरेच महिने गेले. मग एका सकाळी तो आला. डाव्या हाताची दोन बोटं नव्हती, बाकी धड होता. आत्यानं आधी ट्रंक उघडली. बासन वरच होतं, कुंकवाचा डाग काळा पडलेला. ते तिनं उचलून देव्हाऱ्यात ठेवलं. रिकामंच.

संध्याकाळी मी गेले, तर तो खाटेवर बसलेला.

"आगं, त्ये पुस्तक कुटं हाय?" त्यानं विचारलं. "माजा शेवट ऱ्हायलाय की. तिकडं रोज याद यायची. त्यो म्हातारीचा पोरगा..."

"आला की," आत्या आतूनच म्हणाली. "म्या सांगते तुला. आदी भाकरी खा."

त्यानं माझ्याकडं बघितलं. वहिनीनंही बघितलं. तिनं शेवटचं पान ऐकलेलं नव्हतं, पण माझ्या तोंडावरून काय ते तिला कळलं असावं. ताट वाढता वाढता तिनं मान किंचित हलवली. नको.

"आत्या सांगतील," मी म्हणाले.